फळ्यावरचा सहावा खेळ

नवा गेम विकत घेतला तरी तो लगेच खेळता येत नाही, ही आजच्या काळातली सगळ्यात मोठी चेष्टा आहे. डिस्क घालायची आणि अपडेट उतरेपर्यंत पडद्यावरच्या निळ्या पट्टीकडे बघत बसायचं. मी गिरगावातल्या चाळीत राहणारी, विमा कंपनीत नोकरी करणारी सत्तेचाळीस वर्षांची बाई आहे आणि पंचवीस वर्षं व्हिडिओ गेम खेळते आहे, तेव्हा हे बोलायचा मला पूर्ण अधिकार आहे. हल्लीच्या गेममध्ये खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसतो, पण शेजारच्या माणसाच्या हातात दुसरा कंट्रोलर देऊन एकाच पडद्यावर खेळायची सोय एकेक करून काढून टाकताहेत. प्रत्येकाने आपापल्या घरी, आपापल्या इंटरनेटवर, अनोळखी माणसाशी खेळायचं. याला हे लोक प्रगती म्हणतात.

आमच्या चाळीत सव्वीस जानेवारीला सत्यनारायणाची पूजा असते आणि त्याआधी दिवसभर स्पर्धा. जिन्याखालच्या फळ्यावर त्यांची यादी लागते: कॅरम, बुद्धिबळ, रांगोळी, पाककृती, संगीत खुर्ची. सहावा खेळ म्हणून व्हिडिओ गेम घ्या, असं मी चार वर्षं चाळीच्या सेक्रेटरींच्या मागे लागले होते. हे काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव फायलीसारखा.

"हा खेळ नव्हे, बोटांचा चाळा," ते म्हणायचे. "म्हाताऱ्या माणसांनी त्यात काय करायचं?"

गेल्या वर्षी शेवटी वैतागून त्यांनी अट घातली. कॅरमची फायनल संपल्यापासून पूजेपर्यंतचा एक तास माझा. तेवढ्यात साठीच्या पुढची पाच माणसं खेळली, तर पुढच्या वर्षी फळ्यावर. नाही खेळली, तर हा विषय कायमचा बंद. मी जागच्या जागी हो म्हटलं.

टीव्हीला जोडून गेम खेळायचा माझा नवा कन्सोल आणि फुटबॉलचा नवा गेम न्यायचं ठरलं होतं. अपडेट उतरायला लावून मी आदल्या दिवशी लवकर झोपले. सकाळी उठून बघते तर कन्सोलवरचा केशरी दिवा विझलेला.

"उगाच जळत होता," आई म्हणाली. "मी बटण बंद केलं."

आमच्या घरात झोपण्याआधी भिंतीवरचं एकूण एक बटण बंद होतं. माझ्या आठवणीत आईने हा नियम एकदाही मोडलेला नाही. पुन्हा चालू केलं तर अजून नऊ तास लागतील असं दाखवत होतं. मी आईवर ओरडले, नको इतकं ओरडले. चौऱ्याहत्तर वर्षांची माझी आई प्रसादाच्या शिऱ्यासाठी बदाम सोलत बसली.

मग मी माळ्यावर चढले. उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेला माझा पहिला कन्सोल काढला, गाड्यांच्या शर्यतीची डिस्क काढली आणि वायरवाले दोन कंट्रोलर फुंकून पुसले. चाळ कमिटीच्या ऑफिसात पाठीला पोक आलेला जुना टीव्ही होता. लाल, पांढरी, पिवळी अशा तिन्ही वायरींना त्याच्यात जागा होती. डिस्क घातली, झाकण दाबलं आणि मिनिटभरात गाड्या रांगेत उभ्या. पासवर्ड नाही, 'अटी मान्य आहेत का' नाही. मला त्या खोक्याचा मुकाच घ्यावासा वाटला.

कॅरम संपला. आधी तळमजल्यावरच्या कॅथलिक आंटी आणि निवृत्त पोस्टमास्तर बसले. "माय गॉड, ब्रेक कुठे आहे गं?" आंटी ओरडल्या आणि वळण आलं तशा खुर्चीसकट कलल्या. बघणारे सगळे त्यांच्याबरोबर कलले. मग तिसऱ्या मजल्यावरचे दोघे भाऊ बसले. एरवी नळावरून भांडणारे हे दोघे एकमेकांना "दाब रे, दाब!" म्हणत होते. चार झाले.

पाचवं कोणी येईना. कोणाचे गुडघे, कोणाचा चष्मा. काकांनी घड्याळ बघितलं. "गुरुजी आले. आवर आता."

मी वायरी काढायला वाकले. तेवढ्यात आई जिन्यावरून उतरली. शिरा ढवळून आलेली, हाताला तुपाचा वास.

"बटण मी बंद केलं ना? मग मीच खेळते," ती म्हणाली. "समोर कोण आहे?"

समोर कोणीच नव्हतं. आई सरळ सेक्रेटरींकडे वळली. "भाऊजी, तुम्ही बसा."

चाळीत आईला नाही म्हणायची कोणाची टाप नाही. काका बसले.

काकांनी सुरुवातीपासून गाडी सुसाट सोडली आणि पहिल्याच वळणावर भिंतीत घातली. मागे घेतली, पुन्हा घातली. आई मात्र रस्त्याच्या कडेकडेने, गाडीला ओरखडा येऊ नये म्हणून जपत, गोगलगायीसारखी निघाली होती. काका तिसऱ्यांदा भिंतीत गेले तेव्हा ती शांतपणे त्यांना ओलांडून गेली. सगळी चाळ ओरडत होती. शेवटची रेघ पार केल्यावर तिने विचारलं, "आता थांबवू कशी?" मी तिला मिठी मारली आणि सगळ्यांदेखत रडले.

"पुन्हा एकदा," काका म्हणाले. पूजा वीस मिनिटं उशिरा सुरू झाली.

यंदाचा फळा परवा लागला. सहाव्या ओळीत काकांच्या मोत्यासारख्या अक्षरात 'व्हिडिओ गेम' लिहिलंय आणि कंसात 'जुना कन्सोलच'. करोडोंचे गेम बनवणाऱ्यांनी एकदा येऊन हा फळा वाचावा. खाली नावांच्या यादीत पहिलं नाव आईचं, दुसरं काकांचं. मला तिसऱ्या नंबरवर घातलंय.

आई बटणं अजून बंद करते. फक्त माझ्या कन्सोलपाशी आली की बोट बटणावर ठेवून आधी विचारते, "तुझं काही उतरतंय का गं?"