पाटीवर माझं आडनाव

मंडळी, आज मांडवीतल्या माझ्या नव्या दवाखान्याची पाटी करून घेतली.

दुकानातल्या काकांनी कॉम्प्युटरवर इंग्रजीत नाव टाकलं, 'डॉक्टर' मोठं आणि आडनाव अगदी बारीक. म्हणाले, "मॅडम, कांबळे लहानच ठेवूया. उगाच पेशंट बिचकतात."

डोकंच फिरलं. म्हटलं, "काका, आडनावच सगळ्यात मोठं करा."

फॉन्टही मीच निवडला. उभ्या रेघा जाडजूड, आडव्या केसासारख्या बारीक, आणि पाय रोवून उभी असलेली अक्षरं.

काका कुरकुरले, "एवढं ठळक?"

"एवढंच!"

संध्याकाळी पाटी लागली. बाबांनी समोर उभं राहून ती मोठ्याने वाचली आणि डोळे पुसले.

आडनाव वाचून परत फिरणाऱ्यांनी खुशाल फिरावं. पाटी बदलणार नाही.

तुम्हाला कुणी नाव लहान करायला सांगितलंय? काय उत्तर दिलंत?