आयचा धवला आणि पुसलेली टेप

मंडळी, माझ्या माहिती अधिकाराच्या अर्जाला आज सरकारी रेडिओ केंद्राचं उत्तर आलं.

ऐंशीच्या सुमारास ते लोक आमच्या दिवाळे गावात रेकॉर्डिंगला आले होते. माझी आय लग्नात धवले गायची, म्हणजे आमच्याकडची लग्नाची गाणी. घरात लग्न नसताना धवला गात नाहीत, पण साहेबांसाठी ती गायली. आता तिला शब्द आठवत नाहीत, म्हणून ती टेप मागितली होती.

उत्तर दोनच ओळींचं आहे. टेप कमी पडायच्या, म्हणून जुन्या पुसून पुन्हा वापरल्या. नोंदीत तिचं नावही नाही, 'स्थानिक महिला' एवढंच आहे.

आयला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मंग माज्या आवाजावर कोनाचा आवाज भरला?"

ते कागदात नाही. यासाठी पुन्हा अर्ज करू का?