गाडी विकायची नाही

गाडी विकली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण अजूनही भेटेल तो पहिल्यांदा तेच विचारतो.

माझ्या बायकोचा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेला. आम्ही राहतो नांदेडला आणि ती शिकवते कंधारच्या पुढच्या एका गावात. इतकी वर्षं ती एसटीनं जायची, आणि कंधारच्या स्टँडवरून पुढं कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून. कुणी मिळालं नाही की मी जायचो. ‘कुणी नेतंय का’ हा प्रश्न तिच्या रोजच्या दिवसाला चिकटलेला होता, आणि खरं सांगायचं तर तो मला फारसा खुपत नव्हता. न्यायला मी होतोच. नेणाऱ्याला बरं वाटत असतं.

मग आम्ही क्लच नसलेली छोटी गाडी घेतली. तिच्यात गिअर आपोआप पडतात, डाव्या पायाला कामच नाही. बायको शिकली, तिनं लायसन काढलं आणि एका सकाळी मला न उठवता चावी घेऊन निघून गेली. संध्याकाळी परतली तेव्हा डिक्कीत वांगी होती, पेरू होते.

“वाटेत थांबले होते,” ती म्हणाली.

वाटेत आपल्या मर्जीनं थांबणं ही तिच्या आयुष्यातली नवी गोष्ट होती. ते मला त्या वांग्यांकडं बघून कळलं.

पहिल्या खंडेनवमीला गाडी रेणापूरजवळच्या आमच्या गावी नेली. आमच्याकडं त्या दिवशी विळ्या-कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं धुऊन पुजतात. थोरल्या भावानं विहिरीवरच्या मोटारीला पाइप लावून ट्रॅक्टर धुतला, त्याच पाइपानं मी गाडी धुऊ लागलो.

“बॉनेट उघड की,” भाऊ म्हणाला. “वरून काय धुतोस? हत्यार आत हाय.”

मी बॉनेट उघडलं आणि पाण्याची धार आत धरली. बॅटरीच्या शेजारी एक काळी डबी होती आणि तिच्यात वायरींचा जाड जुडगा शिरलेला होता.

“हे मेंदू दिसतंय गाडीचं. ह्याला लाव कुंकू,” भाऊ म्हणाला.

जुडग्यावर रबराची टोपी होती. आतलं पाणी पुसावं म्हणून मी ती सरकवली, ओल्या हळदीकुंकवाची बोटं टेकवली आणि टोपी परत दाबली. बायको लांबून म्हणाली, “आत कशाला पाणी?” तिला कुणी उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं.

दिवाळीनंतर एका दुपारी तिचा फोन आला.

“आवो, गाडी बंद न्हाई पडली. चालू हाय, पण चालून न्हाई राहिली.”

कंधारच्या अलीकडं, उसाचा ट्रॅक्टर मागं आणि ती पुढं. इंजिन गुरगुरत होतं, पण गिअर पडत नव्हता. समोरच्या पडद्यावर गिअरचा आकडा नुसता लुकलुकत होता. गाडी बंद करून थोड्या वेळानं पुन्हा चालू केली, तर काही झालंच नव्हतं अशी निघाली. त्या आठवड्यात असं परत झालं. मग परत.

आम्ही सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या सुपरवायझरनं कॉम्प्युटर लावला, पडद्यावरची चूक पुसली आणि बाहेरच्या गुळगुळीत रस्त्यावर चक्कर मारून आला.

“गाडी ओके आहे, सर. मॅडमची चालवायची पद्धत बघा. ब्रेक आणि रेस सोबत दाबत असतील. लेडीजचं होतं असं.”

तो हे मला सांगत होता. मॅडम माझ्या शेजारीच उभ्या होत्या.

गावाकडून भावाचा फोन आला. “मी आधीच म्हणलो होतो. पायानं अधू माणूस, त्यात बाई. हायवेवर काय झालं म्हंजी? इकून टाक. गिअरची घे, डायवर ठेव. न्हाईतर सोड म्हणावं नोकरी, काय कमी हाय?”

मी ‘बघू’ म्हणालो. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या दिवसापासून रजा टाकून मी तिच्या शेजारी बसून जायला लागलो, आणि सबंध वाट तिचा उजवा पाय कुठं पडतो ते बघत राहिलो. तिसऱ्या की चौथ्या फेरीला ती म्हणाली,

“पाय नका बघू. रस्ता बघा.”

“म्हणजे?”

“सपाट रस्त्यावर कधी बिघडली का ही? खड्ड्यात आदळली की लुकलुकते. आत काहीतरी हलतंय.” थोडं पुढं गेल्यावर ती म्हणाली, “तुम्ही पण त्यांच्यातलेच निघालात.”

मी तिच्या पायावरची नजर काढून रस्त्याकडं वळवली.

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी परतल्यावर ती मला घेऊन थेट सर्व्हिस सेंटरला गेली आणि सुपरवायझरला म्हणाली, “बसा गाडीत.”

“मॅडम, तुम्ही एसीत बसा, मी चक्कर मारून येतो.”

“चालवणार मी. तुम्ही शेजारी बसा आणि माझे पाय बघा. यांनी बघून घेतलेत, आता तुम्ही बघा.”

तो माझ्याकडं बघायला लागला. मी मागचं दार उघडून मागं बसलो. एवढंच केलं, पण त्यानंतर त्याला बसावं लागलं.

गुळगुळीत रस्ता सोडून तिनं गाडी वीटभट्ट्यांकडच्या वाटेला घातली. गाडी आपटत चालली. सुपरवायझरनं वरची मूठ धरली. एका खड्ड्यात पुढचं चाक उतरलं, इंजिन एकदम ओरडलं आणि गाडी जागच्या जागी थांबली. आकडा लुकलुकत होता. तिनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि विचारलं,

“माझा पाय कुठं हाय, साहेब?”

“ब्रेकवर,” तो हळू म्हणाला.

“आणि खड्ड्यात उतरताना?”

“रेसवर... नुसता रेसवर.”

त्यानं तिथंच बॉनेट उघडलं. काळ्या डबीचा जुडगा हलवला की आकडा जायचा-यायचा. रबराची टोपी नीट बसलेलीच नव्हती. त्यानं जुडगा उपसला. आतल्या पिनांवर हिरवट पांढरा गंज होता आणि त्याच्या कडेला लाल-पिवळा, वाळून कडक झालेला थर.

“हे काय आहे? इथं पाणी कुणी मारलं?”

बायकोला एका नजरेत कळलं होतं आणि ती समोरच्या भट्टीच्या धुराकडं बघत होती.

“मी,” मी म्हणालो. “कुंकू आहे ते.”

जुडगा बदलला आणि त्यानंतर आकडा लुकलुकला नाही. एवढ्यावर भागलं असतं. पण येळवस आली.

मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला लातूरकडं सगळे शेतात जेवतात. सावलीला कडब्याची कोप म्हणजे खोपटी, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, गाडग्यातली ताकाची आंबील. बायको नांदेडहून गाडी चालवत आली ती थेट बांधापर्यंत. भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, “अजून हायच का हे खेळणं? बाईच्या हातात दिलेली गाडी...”

“दादा, गाडी तिनं नाही बिघडवली,” मी म्हणालो. “खंडेनवमीला मी पाणी मारलं, मी कुंकू भरलं. ती नको म्हणत होती.”

पंगतीतले हात थांबले.

“म्हंजी पूजेनं गाडी बिघडली म्हणतोस? देवाला नाव ठिवतोस?”

“देवाला नाही. मला ठेवतोय. आणि ‘हे मेंदू दिसतंय’ म्हणणाऱ्याला.”

चुलतभावाला ठसका लागला. थोरल्या भावासमोर मी आयुष्यात असं बोललो नव्हतो, आणि घाबरलो होतो, हेही खोटं नाही. पण तिला वर्षानुवर्षं नेण्या-आणण्याचं पुण्य मी मिरवत आलो होतो, आणि पहिल्यांदा ती स्वतः निघाली तेव्हा तिच्या पायावर नजर ठेवणारा पहिला माणूसही मीच होतो. आता गप्प बसलो असतो तर गाडी विकल्यासारखंच होतं.

“पुढच्या खंडेनवमीला गाडी मीच आणते, दादा,” बायको म्हणाली. “पूजा करा, नारळ फोडा. बॉनेट उघडायचं न्हाई.”

भाऊ उठला. वाटलं, आता निघून जाईल. तो कोपीत गेला आणि उरलेल्या आंबिलीचं गाडगं घेऊन आला. ते माझ्या मांडीवर ठेवत तिला म्हणाला, “लई ढेकळं हायती वाटंला. सांडली तर मला सांगू नका.”

काळ्या रानातल्या वाटेनं गाडी आपटत निघाली. मी पडद्याकडं बघितलं. आकडा ठाम होता. पहिल्याच चाकोरीत गाडग्यातली आंबील माझ्या पँटवर सांडली.

“हळू,” मी म्हणालो.

“गाडगं नीट धरा,” ती म्हणाली.