फाईलीचा धुरा

मलकापूरच्या आमच्या छोट्या कंपनीत कापसाच्या जिनिंगवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनायचं. तिथले सीनियर सर कोडची फाईल शेतासारखी राखायचे. एकाने फाईल बदलायला घेतली की ती त्याच्या नावाने बंद होई, आणि त्याने सोडेपर्यंत इतरांना फक्त वाचता येई. सर घेत, सोडत मात्र नसत. कुणी मागितली की म्हणत, "माह्या धुऱ्यावर काऊन येऊन राह्यला बे?" धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध. कोड लिहायला मला त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून मी गप्प बसायचो.

बीटी कपाशीवरही बोंडअळी पडली त्या वर्षी जो तो वाचलेला कापूस घाईने विकायला काढत होता. नेमकी तेव्हाच नांदुऱ्याच्या जिनिंगमध्ये वजनाची पावती निघेना. चूक एका ओळीची होती आणि मला दिसत होती. पण फाईल सरांच्या नावाने बंद, आणि सर रजा घेऊन गावी, वरवट बकालला. फोन केला तर म्हणाले, "मी आल्यावर पाहू. तू हात लावू नको."

थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला. आवाज चढलेला होता. "पावती काऊन नाही निघून राह्यली? माहा बाप कापसाची गाडी घेऊन जिनिंगच्या फाटकावर उभा हाये! कोण अडवून बसलं बे?"

"तुमीच, सर. फाईल तुमच्या नावानं बंद हाये."

मग त्यांनी हळू आवाजात आपला पासवर्ड सांगितला. त्या पासवर्डने मी फाईल सोडवली, ओळ सुधारली, पावत्या निघू लागल्या.

संध्याकाळी पुन्हा फोन. "बापाचं माप झालं. आता फाईल माह्या नावानं बंद कर, आन् पासवर्ड इसरून जा."