श्वास न घेणारा नट

तो ब्रिटिश नट आयुष्यभर रंगमंचावर राबला, उतारवयात सिनेमात आला आणि वारला. तरी नव्या सिनेमात तो आहेच. सिनेमा कंपनीने संगणकावर त्याचा चेहरा बनवलाय. त्याला नेहमी मराठीत आवाज देणारे आमचे अरुणकाका डबिंग स्टुडिओत माइकसमोर उभे होते, शेजारी मी. पडद्यावर नटाने श्वास घेतला की काका वाक्य सुरू करतात. पडद्यावरचे ओठ हलले, तरी काका गप्पच.

"काका, डुलकी लागली का?" रेकॉर्डिस्ट हसला.

"अरे, हा श्वासच घेत नाहीये."

खरंच, छाती हलत नव्हती. माझ्या अंगावर काटा आला, मग संताप. मेलेल्यालाही कामाला जुंपता? जिवंतपणी तो नाही म्हणू शकत होता. आता तोंडही तुमच्याच मालकीचं!

"माझा श्वास याला देणार नाही," म्हणत काकांनी हेडफोन काढले.

तो चेहरा आमच्याकडे बघत आवाजाविनाच बोलत राहिला.