बाकावरून न उठलेल्या दोघी
परवा वणव्याची राख उडत कॅलिफोर्नियात आमच्या सनीव्हेलपर्यंत आली आणि गाडीच्या काचेवरचा तिचा थर पाहून मला अणुचाचण्यांवरचं नेवाडातलं एक संग्रहालय आठवलं. पुण्याहून आलेल्या आईला घेऊन मी तिथे गेले होते. एका अंधाऱ्या खोलीत स्फोटाचा देखावा दाखवत. लख्ख उजेड पडायचा, बाक हादरायचे, अंगावर वारा यायचा. देखावा संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईशेजारी बसलेल्या म्हाताऱ्या अमेरिकन बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "मी लहानपणी खराखुरा स्फोट पाहिलाय," त्या मला म्हणाल्या. "अंगणात राख पडली, आम्ही बहिणी बर्फ समजून तिच्यात खेळलो. माझ्या दोघी बहिणी पुढे कॅन्सरने गेल्या." तेवढ्यात गाइड आला. "मॅडम, पुढचा शो आहे, प्लीज बाहेर चला." "पुढच्या लोकांना हे सांगितल्याशिवाय मी उठणार नाही," बाई म्हणाल्या. मी आईला सगळं मराठीत सांगितलं. उठून उभी राहिलेली आई परत बसली. "मग मीही उठत नाही. सांग त्याला." मी त्याला सांगितलं आणि बसले. लोक आत आले, बाई बोलल्या, आणि त्या खेपेला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आता ऑफिसात त्या चाचण्यांचा विषय निघून कुणी "जुनं झालं ते, यार" म्हणालं, की मी त्याला समोर बसवते आणि त्या बाईंची गोष्ट पहिल्यापासून सांगते.