द्वारकाबाईंच्या पडवीतला क्लब

"गुन्हा कबूल करायचा नाय म्हंजे नाय," असं म्हणून द्वारकाबाई माझ्या टेबलासमोरच्या बाकावरून उठल्याच.

मी त्यांना हाताने थांबवलं, पुन्हा बसवलं. मांडवी बंदराजवळच्या त्यांच्या घरावर पोलिसांनी भरदुपारी रेड टाकली होती. पडवीत नऊ माणसं तीनपत्ती खेळताना सापडली. पत्ते, चटई, डावावरची चिल्लर, सगळं जप्त. घर बाईंचं, म्हणून जुगाराचा अड्डा चालवल्याचं कलम त्यांच्यावर.

ही एकोणीसशे तीसच्या दशकातली गोष्ट. मला सनद मिळून दोनच वर्षं झाली होती. माझे सीनियर भाऊसाहेब आतल्या खोलीतून म्हणाले, "प्लीड गिल्टी. दंड भरा आणि मोकळे व्हा. मॅजिस्ट्रेट कडक आहे. लढलात तर बाई आत जाईल."

बाईंनी ते ऐकलं. "दंड भरला की मी अड्डेवाली झाले, वकीलसायब. उद्या माझ्या अंगणात मासळी खारवायला कोण बाई येईल?"

त्या घराला सगळी आळी 'क्लब' म्हणायची. बाईंचा नवरा तांडेल, म्हणजे गलबत चालवणारा. पावसाळ्यात गलबतं वर ओढली की त्याचे सोबती पडवीत पत्ते घेऊन बसत. एका वर्षी पूर्णगडच्या पुढे त्याचं गलबत बुडालं. माणसं यायची थांबली. दिवसकार्य झाल्यावर बाईंनीच त्यांना बोलावणं धाडलं. घर खायला उठतं, म्हणाल्या. मग पडवी बारा महिने चालू राहिली. नियम दोनच. दारू पिऊन यायचं नाही. आणि बायकोने अंगणातून हाक मारली, की हातात एक्के असले तरी पानं टाकून उठायचं.

कायदा असा, की नुसते पत्ते खेळले म्हणून घर अड्डा होत नाही. घरमालकाने त्यावर कमाई केली पाहिजे. दर डावातून मालक जो वाटा काढून घेतो त्याला 'नाल' म्हणतात. केस सगळी त्या नालेवर होती.

"बाई, खरं सांगा. नाल घेत होतात?"

"चहाचे पैसे घेते. खेळणाऱ्याकडून तेवढेच, नुसत्या बसणाऱ्याकडून तेवढेच."

मी भाऊसाहेबांना सांगितलं, केस लढवतो. ते म्हणाले, "तुमच्या जबाबदारीवर."

कोर्टात सरकारी पंचाने शपथेवर सांगितलं, बाई पडवीत डावापाशी बसून दर डावाला एक नाणं कनवटीला लावत होत्या. मी पंचनामा पुढे केला. त्याच्या शेवटी फौजदाराच्या कारकुनाने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं: 'बाईस अंगणातून बोलावून आणले. हातास ओले मीठ असल्याने अंगठा धुवून निशाणी घेतली.'

"अंगणात मीठ चोळणारी बाई पडवीत नाल कशी काढत होती?" मी विचारलं.

पंच फौजदारांकडे बघायला लागला.

फौजदारांची उलटतपासणी आली तेव्हा मला राहवलं नाही. "अंमलदारांच्या जिमखान्यात पैसे लावून पत्ते खेळतात. तिथे कधी रेड टाकलीत?"

मॅजिस्ट्रेट स्वतः जिमखान्याचे मेंबर. "प्रश्न अप्रस्तुत आहे," ते कडाडले. "पुन्हा विचाराल तर तुमच्यावर रिपोर्ट करीन."

मी माफी मागितली नाही. "साक्षीदार बोलावतो," एवढंच म्हटलं.

साक्षीला आल्या त्या खेळणाऱ्यांच्या बायका. रेडच्या वेळी चौघीजणी बाईंबरोबर अंगणात बांगडे खारवत होत्या. कोर्टाची पायरी कुणीच चढलेली नव्हती. पहिली रखमा. पदर खोचून पिंजऱ्यात उभी राहिली आणि सांगितलं, पोलीस येईपर्यंत बाई आमच्यातून उठलीच नाय.

मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "तुझा नवरा तिथे जुगार खेळतो. आणि तू त्याच घराची बाजू घेतेस?"

"सायब, ह्या घरातून हाक मारली की माझा घो उठून येतो. दारूच्या गुत्त्यातून येत नाय. तो गुत्ता सरकारचा परवाना घेऊन चाललाय. तो बंद करा, मग ह्या पडवीचं बघू."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. त्याला शिपायाने बाहेर काढलं. रखमा मात्र खाली मान न घालता उभी होती. उरलेल्या तिघींनी तेच सांगितलं, आपापल्या शब्दांत आणि तेवढ्याच चढ्या आवाजात.

निकाल आठवड्याने लागला. नाल शाबीत नाही, म्हणून अड्डा शाबीत नाही. बाई सुटल्या, नऊ जणही सुटले. दुसऱ्या दिवशी दुपारी पडवीत नवा जोड पिसला गेला, दार सताड उघडं ठेवून. समोरच्या माडाखाली फौजदारांनी एक शिपाई उभा केला होता. द्वारकाबाईंनी त्यालाही चहा पाठवला आणि इतरांइतकेच पैसे घेतले.

भाऊसाहेबही त्याच जिमखान्याचे मेंबर. ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढे तीस वर्षं वकिली केली, त्यात एक गोष्ट पक्की कळली. दंड भरून मोकळं व्हा, असं सांगताना मोकळा होतो तो वकील. अशील तिथेच राहतं.